करडईच्या मुलखात माक्याचं तेल

सोलापूरहून अक्कलकोटला जाताना हिवाळ्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी रानं दिसतात. ज्वारी, तूर, हरभरा, आणि मधूनच करडईचा एखादा पट्टा. करडईचा पेरा आता पहिल्यासारखा उरलेला नाही. काटे टोचतात म्हणून काढणीला माणूस मिळत नाही, आणि दहिवरानं काटे मऊ असतात तोवर, म्हणजे भल्या सकाळीच, ते काम उरकावं लागतं. तरीही हा जिल्हा करडईचाच. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं करडई संशोधन सोलापुरातून चालतं आणि ‘भीमा’ हे नावाजलेलं वाण इथलंच. घाण्यावरून करडईचं तेल आणायचं आणि त्यात फोडणी द्यायची, ही इथल्या घरांची जुनी रीत.

मग त्याच तेलात माका, ब्राह्मी, जास्वंद, कडीपत्ता घालून केसांचं तेल का कढवू नये? तेल ओळखीच्या घाण्याचं, डोळ्यांदेखत गाळलेलं. विचार सरळ आहे. पण असं तेल ऐन उन्हाळ्यात कढवलं तर दोनेक महिन्यांत त्याला वास येऊ लागतो, आणि शेजारच्या घरी खोबरेलात कढवलेलं तेल मात्र दिवाळीच्या अभ्यंगापर्यंत बिनतक्रार पुरतं. माका दोन्ही घरांनी एकाच ओढ्याच्या काठचा आणलेला असतो. दोष माक्याचा नसतोच.

तेल खवट होतं ते मुख्यतः हवेतल्या ऑक्सिजनमुळे. तेलातल्या स्निग्धाम्लांच्या साखळीत जिथे दुहेरी बंध असतात, तिथे ऑक्सिजनला शिरकाव मिळतो. एक दुहेरी बंध असलेलं ओलिक आम्ल बऱ्यापैकी चिवट असतं. दोन दुहेरी बंध असलेलं लिनोलिक आम्ल त्याच्या दहा-बारा पट वेगानं हवेशी बांधलं जातं. जवसाच्या तेलात भरपूर असलेलं तीन बंधांचं लिनोलेनिक आम्ल त्याहूनही अधीर. आणि ही प्रक्रिया एकदा सुरू झाली की स्वतःच स्वतःला ढकलत नेते. एक बिघडलेला रेणू शेजारच्याला बिघडवतो, आधी पेरॉक्साइडं तयार होतात, ती फुटून लहान-लहान अल्डिहाइडं सुटतात, आणि नाकाला ‘खवट’ म्हणून जे कळतं ते हेच अल्डिहाइड. उन्हाळ्यात डब्यात महिनाभर विसरलेल्या शेंगाचटणीला जो वास येतो, तोही याच घराण्यातला. सोलापूरकरांना तो वेगळा शिकवावा लागत नाही.

करडईच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात साधारण पाऊण हिस्सा लिनोलिक आम्लाचा असतो. खोबरेलात ते जेमतेम दोन टक्के. खोबरेलाचा सुमारे नव्वद टक्के भाग दुहेरी बंध नसलेल्या, म्हणजे संपृक्त स्निग्धाम्लांचा आणि त्यातला जवळपास निम्मा एकट्या लॉरिक आम्लाचा. तेलातले दुहेरी बंध मोजायची एक जुनी पद्धत आहे, तिला आयोडीन मूल्य म्हणतात. खोबरेलाचं हे मूल्य ७ ते १० भरतं, करडईचं १४०च्या आसपास. दोन तेलांच्या टिकण्यातली तफावत या दोन आकड्यांतच दिसते.

हे प्रयोगशाळेत न जाताही पाहता येतं. करडई तेलाच्या जुन्या बाटलीचं झाकण उघडताना कर्रकन आवाज होतो, आट्यांमध्ये पिवळसर चिकटा धरलेला असतो, आणि तो साबणानं निघत नाही, नखानं खरवडावा लागतो. तेलाचे थेंब हवेशी संयोग पावत पावत एकमेकांत गुंतून घट्ट झालेले असतात. खोबरेलाच्या बाटलीच्या तोंडाशी असा चिकटा सहसा धरत नाही. करडईचा हा गुण काहींनी कामालाही लावला आहे. पेशावरकडचे आफ्रिदी लोक करडईचं तेल तासन्‌तास उकळून थंड पाण्यात ओतत आणि तयार झालेल्या दाट लगद्यानं कापडावर नक्षी काढत. तैलरंगांचे कारखानदार आजही पांढऱ्या रंगासाठी करडईचं तेल पसंत करतात, कारण ते वाळतं आणि जवसाच्या तेलाइतकं पिवळं पडत नाही. जे तेल चित्रावर वाळून कायमचं बसतं, ते बाटलीत वर्षभर पातळ आणि ताजं राहावं ही अपेक्षाच जरा जास्तीची.

करडईला यात बदनाम करायचं कारण नाही. जेवणात ती उत्तमच आहे. ओलिक आम्ल जास्त असलेली नवी वाणंही आता संशोधकांनी काढली आहेत, आणि त्यांचं तेल बरंच जास्त टिकतं. पण घाण्यावर मिळणारं तेल कोणत्या वाणाचं, हे घाणेवाल्यालाही बहुधा माहीत नसतं. तेव्हा केसांसाठी करडई वापरायचीच असेल तर महिनाभराला पुरेल इतकीच कढवावी.

अक्कलकोटच्या हवेनं हा हिशेब आणखी तंग होतो. तालुका पर्जन्यछायेतला, हवा कोरडी, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर राहायला कचरत नाही. पत्र्याच्या घरात फळीवरची बाटली बाहेरच्या हवेपेक्षाही तापते. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. म्हणजे वीस-बावीस अंशांच्या थंड खोलीत सहा महिने राहणारं तेल चाळीस अंशांत दीड महिन्यात त्याच अवस्थेला पोहोचतं. म्हणूनच महाबळेश्वरला राहणाऱ्या नणंदेची कृती तंतोतंत पाळूनही मैंदर्गीत किंवा दुधनीत तेल लवकर उतरतं. कृतीत चूक नसते, फळी चुकीची असते. चुलीच्या वरची, गॅसमागची, पश्चिमेच्या खिडकीची फळी टाळावी. जमिनीलगतचं कपाट, माठाजवळचा कोपरा, देवघराखालचा खण अशा जागा चार-सहा अंशांनी थंड असतात, आणि तेवढ्यानंही आयुष्य वाढतं.

फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही, पण मग ती बाटली रोज आत-बाहेर करू नये. गार बाटली उघडली की हवेतली वाफ आतल्या बाजूला दव होऊन बसते आणि तेलात पाणी उतरतं. मोठा साठा गार ठेवावा, आठवड्यापुरतं छोट्या कुपीत काढून बाहेर वापरावं. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली थिजतं. पौष-माघात अक्कलकोटच्या पहाटे ते थिजणारच. तेव्हा सगळी बाटली गरम पाण्यात धरून पुन्हा पुन्हा वितळवण्यापेक्षा रुंद तोंडाच्या लहान बाटलीत थोडं काढून तेवढंच वितळवलेलं बरं.

आता तिळाचं तेल. रसायनाच्या नियमानं पाहिलं तर तिळाचं तेल फार टिकायला नको. त्यातही चाळीसेक टक्के लिनोलिक आम्ल असतं. तरी ते चांगलं टिकतं, कारण तिळात सेसमिन, सेसमोलिन ही खास द्रव्यं असतात, आणि तेल तापवलं की सेसमोलिनातून सेसमॉल सुटतं. सेसमॉल ऑक्सिजनच्या साखळीला मध्येच तोडतं. कढवल्यानं बाकीची तेलं थोडीफार थकतात, तिळाला मात्र कढवणं मानवतं. आयुर्वेदाच्या औषधी तेलांचा पाया बहुतेक ठिकाणी तिळाचंच तेल आहे, यामागे शेकडो वर्षांचा अनुभव असणार. कोकणात आणि केरळात खोबरेल, देशावर तीळ, ही जुनी वाटणी टिकण्याच्या दृष्टीनंही शहाणी होती.

मिश्रणांबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. खोबरेलात थोडी करडई, थोडं बदाम, थोडं जवस, थोडी कलौंजी असं पाच तेलांचं मिश्रण केलं की पाचांचे गुण मिळतात, असं मानलं जातं. गुणांचं ठाऊक नाही, पण आयुष्य मात्र सर्वांत नाजूक तेलाच्या बाजूला झुकतं. खवटपणा सुरू व्हायला नाजूक तेलाचा थोडा अंश पुरतो, मग वास सगळ्या बाटलीचा येतो. खोबरेल आणि तीळ, फार तर त्यात एरंडेल, हे त्रिकूट टिकाऊ आहे. एरंडेलाचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग रिसिनोलिक आम्लाचा असतो आणि तेही धीमं असतं. बदाम तेल आवडत असेल तर वापरण्याच्या वेळी तळहातावर दोन थेंब मिसळावे. साठवणीच्या बाटलीत त्याला जागा देऊ नये.

तेल निवडलं की पुढचा शत्रू पाणी. आणि इथेच घरची तेलं सर्वांत जास्त बिघडतात.

शुद्ध तेलात जंतू वाढत नाहीत, त्यांना लागणारं पाणी तिथे नसतं. पण ताज्या पाल्याच्या वजनाचा पाऊण भाग तरी पाणीच असतं, जास्वंदीच्या पाकळ्यांत त्याहून जास्त. कांद्याचा रस, कोरफडीचा गर, आवळ्याचा कीस हे तर जवळजवळ पाणीच. हे तेलात घालून ‘दोन उकळ्या’ आणल्या आणि गाळलं, की तळाशी न दिसणारे पाण्याचे थेंब राहतात. त्या थेंबांत पाल्याचे कण, साखर, प्रथिनं असतात, आणि बुरशीला तेवढं पुरतं. चार-आठ दिवसांत तळाशी ढगाळ थर दिसतो, आंबूस वास येतो. खोबरेल असेल तर आणखी एक गंमत होते. पाणी आणि बुरशीची विकरं मिळून खोबरेलातली स्निग्धाम्लं मोकळी करतात आणि तेलाला साबणासारखा वास मारू लागतो. हा ऑक्सिजनचा खवटपणा नव्हे. त्यावर कुठलंही ‘अँटिऑक्सिडंट’ चालत नाही.

पाणी गेलं की नाही, हे ओळखायच्या खुणा मध्ययुगीन शार्ङ्गधरसंहितेत दिल्या आहेत, आणि त्या इतक्या नेमक्या आहेत की आजच्या घरगुती कृतींनी त्या का सोडल्या याचं नवल वाटतं. तिथलं प्रमाण असं: एक भाग कल्क, म्हणजे वाटलेली वनस्पती, चार भाग तेल आणि सोळा भाग द्रव, म्हणजे काढा किंवा रस. एवढं पाणी मुद्दाम घालायचं आणि मंद आचेवर आटवायचं. घाई करायची नाही, एका दिवसात तेल उरकू नये असंच सांगितलं आहे. पाणी आहे तोवर भांड्यातलं तापमान शंभर अंशांच्या आसपास अडकून राहतं, त्यामुळे वनस्पती जळत नाही आणि तेलही फार थकत नाही. पाणी संपलं की तापमान एकदम वर उसळतं. तो क्षण ओळखणं हेच सगळं कौशल्य.

त्याच्या खुणा तीन. कल्क चिमटीत घेऊन बोटांत वळला की त्याची वात झाली पाहिजे, बोटांना चिकटता कामा नये. ती वात विस्तवावर धरली तर तडतडता कामा नये. आणि तेलावर फेस आला पाहिजे. (तुपाचं उलट, तिथे फेस बसतो तेव्हा तूप झालं.) दुसरी खूण तर निव्वळ भौतिकशास्त्र आहे. पाण्याची वाफ होताना आकारमान सोळाशे-सतराशे पटींनी वाढतं, कल्कात अडकलेला सूक्ष्म थेंब फुटतो आणि आवाज येतो. आवाज नाही म्हणजे पाणी नाही. स्वयंपाकघरात हे सहज करता येतं. कढईतला पाला चमच्यानं काढावा, थोडा निवू द्यावा, कापसाच्या वातीला चोळून काडी लावावी. चरचरली तर गॅस आणखी पंधरा मिनिटं. कढईतले बुडबुडे थांबणं आणि पाला कुरकुरीत होऊन चमच्याला खडखडणं हीसुद्धा तीच खूण. पाला काळा पडला तर मात्र पुढे गेलं. जुन्या वैद्यांनी याला खरपाक म्हटलं आहे, आणि काही उपयोगांसाठी तोही चालतो. केसांच्या तेलाला मध्यम पाक बरा.

ज्यांना एवढा वेळ नाही त्यांच्यासाठी सोपी वाट आहे: पाला आधी सावलीत वाळवायचा. अक्कलकोटची कोरडी हवा इथे पथ्यावर पडते. मार्च महिन्यात कडीपत्ता, मेंदी, माका, वडाच्या पारंब्यांचे कोवळे शेंडे सुती कापडावर तीन-चार दिवसांत चुरचुरीत वाळतात. कोकणातल्या घराला हे सुख जूनमध्ये नाही. पारंब्या कोणत्या वडाच्या आणायच्या ते मात्र पाहावं. स्वामी समर्थांच्या वटवृक्ष मंदिराच्या गावात वडाला हात लावण्यापूर्वी माणसं दोनदा विचार करतात, आणि ते झाडाच्या दृष्टीनं बरंच आहे. शेताच्या बांधावरचा वड पुरतो.

कढवलेलं तेल पूर्ण निवल्यावर मलमलीच्या दुपदरी फडक्यातून गाळावं, पण फडकं पिळू नये. पिळलं की चोथ्यातलं पाणी आणि बारीक कण खाली उतरतात. गाळलेलं तेल रात्रभर झाकून ठेवलं तर तळाशी गाळ बसतो. वरचं निवळ साठवणीला, खालचं गढूळ त्याच आठवड्यात वापरायला. बाटलीत शोभेसाठी जास्वंदीचं फूल किंवा कडीपत्त्याची काडी सोडण्याची जी टूम आहे, ती फोटोपुरती ठीक. घरात नको.

मग ऊन. उन्हात तेल मुरवण्याची पद्धत पुष्कळ घरांत आहे. काचेच्या बरणीत तेल आणि हिरवा पाला, बरणी गच्चीवर, पंधरा दिवस. दिसायला सुंदर दिसतं, हिरवंगार. अडचण त्या हिरव्या रंगातच आहे. पानांतलं हरितद्रव्य तेलात उतरतं, आणि उजेड मिळाला की ते उजेडाची ऊर्जा शोषून ऑक्सिजनला देतं. त्यानं जो चेतलेला ऑक्सिजन तयार होतो, तो लिनोलिक आम्लावर साध्या ऑक्सिजनपेक्षा हजारपटीहून जास्त वेगानं तुटून पडतो. अंधारात हेच हरितद्रव्य फारसं त्रासदायक नसतं. म्हणजे हिरवं तेल करावं, पण ते उजेडाला दाखवू नये. उन्हात मुरवायचंच असेल तर बरणीला काळं फडकं गुंडाळावं. उष्णता मिळते, उजेड टळतो.

रंगावरून तेलाचा कस जोखणंही फसवं आहे. जास्वंदीचा लाल रंग पाण्यात उतरतो, तेलात नाही. म्हणून जास्वंदीचं घरचं तेल लाल होत नाही आणि बाजारातल्या लाल तेलाचा रंग जास्वंदीचा असेलच असं नाही. काष्ठौषधीच्या दुकानातली रतनजोत तेलाला चटकन लालभडक करते.

लोखंडी कढईचं काय? केस काळे व्हावेत म्हणून आवळा लोखंडी कढईत रात्रभर ठेवून तेल कढवायची पद्धत जुनी आहे. आवळ्यातल्या तुरट द्रव्यांचा लोखंडाशी संयोग होऊन काळा रंग येतो, हे खरं. पण लोह आणि तांबं हे दोन्ही धातू तेलाच्या खवटपणाला चिथावणी देतात, तांबं तर लोखंडाहून जास्त. दशलक्षात एखादा भाग तांबंही तेलाला जड जातं. पूर्वी पितळेच्या-तांब्याच्या भांड्यांना कल्हई असायची, कथलाचा तो पातळ पदर धातूला तेलापासून दूर ठेवायचा. कल्हईवाले आता विरळच फिरतात. स्टीलचं जाड बुडाचं पातेलं हा साधा उपाय आहे. लोखंडी कढईचं काळं तेल हवंच असेल तर वाटीभर करावं आणि पंधरवड्यात संपवावं.

बाटलीचा प्रश्न मोठ्या कंपन्यांनाही पडला होता. पॅराशूट खोबरेल एके काळी पत्र्याच्या डब्यांत विकलं जायचं. प्लॅस्टिकच्या बाटलीत आणायचं ठरलं तेव्हा दुकानदार बिथरले, कारण आधी कुणीतरी आणलेल्या चौकोनी प्लॅस्टिक बाटल्या उंदरांनी कुरतडल्या होत्या. बाटलीच्या अंगाला लागलेल्या तेलाच्या वासानं उंदीर येत आणि कोपऱ्याला दात लावत. मॅरिकोचे संस्थापक हर्ष मारीवाला यांनी सांगितलेली हकीकत अशी की त्यांनी बाटली गोल केली, उंदराला पकड मिळेना. तेल बाहेर झिरपणार नाही याची काळजी घेतली, आणि उंदरांच्या पिंजऱ्यात बाटल्या ठेवून दुकानदारांची खात्री पटवली. निळ्या रंगाची ती बाटली पुढे घराघरांत गेली. याच कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेलानं केसांतली प्रथिनांची झीज कमी होते आणि सूर्यफूल तेल व खनिज तेलानं तसं होत नाही, असं दाखवलं. खोबरेल विकणाऱ्यांचा अभ्यास म्हणून तो जरा चिमटीत धरून वाचावा. पण लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्यानं केसात शिरतो, हे त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे.

घरच्या तेलाला उंदराची भीती कमी, हवेची जास्त. अर्धी रिकामी बाटली म्हणजे अर्धी बाटली हवा. लिटरच्या एका बाटलीपेक्षा दोनशे मिलिलिटरच्या पाच बाटल्या गळ्यापर्यंत भरून ठेवाव्यात आणि एकेक उघडावी. औषधाच्या तपकिरी काचेच्या बाटल्या यासाठी फार चांगल्या. तोंड अरुंद असावं, म्हणजे ओली बोटं आत जात नाहीत. न्हाणीघरातच तेल लावायची सवय असेल तर हा मुद्दा लहान नाही. आणि जुन्या बाटलीत उरलेल्या तेलावर नवं तेल ओतायची काटकसर करू नये. तळाचं जुनं तेल पेरॉक्साइडांनी भरलेलं असतं, ते नव्याला पहिल्या दिवसापासून विरजण लावतं. बाटली सोड्याच्या कढत पाण्यानं धुवावी, कडक उन्हात उपडी वाळवावी. प्लॅस्टिक कितीही धुतलं तरी तेलाचा अंश धरून ठेवतं, म्हणून पुन्हा भरायला काचच बरी.

आता त्या हिरव्या कॅप्सुलीकडे वळायला हवं. औषधांच्या दुकानात मिळणारी ई जीवनसत्त्वाची मऊ कॅप्सूल फोडून तेलात पिळली की तेल टिकतं, असं सगळीकडे सांगतात. ई जीवनसत्त्व म्हणजे टोकोफेरॉल, आणि टोकोफेरॉल खवटपणाची साखळी तोडतं, इथपर्यंत बरोबर. पण या कॅप्सुलींत बहुधा टोकोफेरिल अ‍ॅसिटेट असतं. टोकोफेरॉलच्या रेणूचं जे टोक ऑक्सिजनच्या साखळीशी झुंजतं, तेच इथे अ‍ॅसिटेटनं झाकलेलं असतं. गोळी म्हणून ते सोयीचं, कारण ते स्वतः टिकतं आणि शरीरातली विकरं ते झाकण काढतात. बाटलीत ती विकरं नसतात. म्हणून कॅप्सूल तेलाच्या टिकण्यासाठी जवळजवळ निरुपयोगी. साबण-क्रीमचा कच्चा माल विकणाऱ्यांकडे ‘मिश्र टोकोफेरॉल’ मिळतं, ते खरं कामाचं. अर्ध्या लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, तेल कोमट झाल्यावर, आणि तेल ताजं असतानाच. जास्त घातलं तर उलटा परिणामही होऊ शकतो. खोबरेलात त्याचा फारसा फरक पडत नाही, करडईत किंवा बदामात पडतो. बुरशीवर त्याचा काहीच इलाज नाही.

कापूर आणि सुगंध यांचंही तसंच. कापरानं तेल टिकत नाही, फक्त खवट वास झाकला जातो. तेल उतरलंय हे नाकाला कळू न देणं हा काही फायदा नव्हे. शिवाय लहान बाळांच्या डोक्याला कापराचं तेल लावू नये, कापूर त्यांना बाधतो, झटकेही येऊ शकतात.

बाजारातली तेलं दोन-दोन वर्षं कशी टिकतात, याचं उत्तर पुष्कळदा बाटलीच्या मागे बारीक अक्षरात असतं: लाइट लिक्विड पॅराफिन. ते खनिज तेल आहे, त्यात दुहेरी बंधच नाहीत, ते खवट होणारच नाही. शार्ङ्गधरसंहितेत कढवलेल्या तेला-तुपाचं वीर्य कमी होण्याचा जो काळ दिला आहे, त्याचा अर्थ सामान्यतः सोळा महिने असा लावतात. तो नीट सिद्ध केलेल्या तेलाचा काळ. घरच्या फळीवरचा ढोबळ अंदाज त्याहून आखूड धरावा: वाळक्या पाल्याचं, नीट कढवलेलं खोबरेल सावलीत आठ-दहा महिने, तिळाचं सहा-आठ, बदामाचं तीन-चार, करडईचं दोन, आणि कांदा-कोरफडीचं न आटवलेलं तेल फ्रिजमध्ये ठेवूनही फार तर आठवडाभर.

या अंदाजावर किती कढवायचं ते ठरतं. एका डोक्याला एका वेळी साधारण दीड चमचा, म्हणजे सात-आठ मिलिलिटर तेल लागतं. घरात तिघी, आठवड्यातून दोनदा, की आठवड्याला पंचेचाळीस-पन्नास आणि महिन्याला दोनशे मिलिलिटर. लिटरभर तेल पाच महिने पुरेल. तेव्हा अक्कलकोटच्या घराला मार्गशीर्षात लिटरभर खोबरेल कढवणं परवडतं, ते उन्हाळा चढेपर्यंत संपत आलेलं असतं. चैत्रात मात्र अर्ध्या लिटरवर थांबावं. बाटलीवर चिकटपट्टी लावून तेलाचं नाव आणि कढवल्याची तारीख लिहावी. लोणच्याच्या बरणीला जे कुणी लिहीत नाही ते तेलाला लिहायचं, हे जरा चमत्कारिक वाटेल, पण लोणच्यात मीठ असतं.

तेल उतरलं की नाही हे बाटलीला नाक लावून नीट कळत नाही, सुगंधी पाला मध्ये येतो. चार थेंब तळहातावर घेऊन तळवे जोरात चोळावे आणि मग हुंगावं. उष्णतेनं अल्डिहाइडं उडतात आणि खवटपणा लपत नाही. जुन्या शेंगदाण्याचा, ओल्या पुठ्ठ्याचा किंवा रंगाच्या डब्याचा वास आला तर ते डोक्याला लावू नये. टाळूची आग होते, खाज सुटते. पुन्हा कढवून ते सुधारत नाही, उलट जास्त बिघडतं.

मोरीत ओतायचीही गरज नाही. खवट खोबरेल विळी-कोयत्याच्या पात्याला गंज चढू नये म्हणून पुसायला, कुरकुरणाऱ्या बिजागरीत घालायला किंवा कोरड्या पडलेल्या चामड्याच्या चपलेला चोळायला चालतं. करडईचं खवट तेल मात्र बिजागरीत घालू नये. महिन्याभरात ते वाळून डिंकासारखं होतं आणि दार आधीपेक्षा जास्त अडतं. ते लाकडी दांड्यांना चोळावं, कुदळीच्या, फावड्याच्या, खुरप्याच्या. दोन-तीन हात दिले की दांड्यावर पातळ, चिवट पापुद्रा धरतो आणि लाकूड पावसाळ्यात फुगत नाही. तेल चोळलेल्या चिंध्या तेवढ्या गोळा करून कोपऱ्यात ठेवू नयेत. वाळणारं तेल आतल्या आत तापतं आणि चिंध्यांचा ढीग पेट घेऊ शकतो. त्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात आणि मगच टाकाव्यात.